करटोलीची वाटणी

माझा स्वभाव संशयी. आता वय झालं म्हणून कबूल करते. तेव्हा मी त्याला हुशारी म्हणत होते. कुणी आपणहून दूध आणून दिलं तरी त्यात पाणी किती हे मी आधी बघायची.

लढाईची वर्षं होती आणि नवरा पलटणीत. सासर साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. माझं माहेर आटपाडीकडचं. तिथल्या कोरड्या माळावर मी करटोलीचा वेल कधी पाहिलाही नव्हता. सासरी परसात बारा वेल होते. थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे आक्कांनी, डोंगरातून कंद आणून लावलेले. ती काटेरी भाजी मला लागलीच आवडली. आक्का आवडल्या नाहीत. माझं पहिलं मूल उपजतच गेलं, तेव्हा खोलीत सुईण आणि आक्का दोघीच होत्या. सुईणीला मी कधी दोष दिला नाही.

दिवाळीच्या रजेवर नवरा आला तेव्हा मी वेगळं निघायचा हट्ट धरला. फाल्गुनात वाटणी झाली, त्या वेळी मला पुन्हा दिवस गेले होते. माहेरी आई नव्हती, म्हणजे बाळंतपण इथंच होणार. या खेपेला आक्कांना खोलीत पाऊल टाकू द्यायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं आणि ओढ्यापलीकडचं घर मागून घेतलं.

आमच्याकडची रीत अशी, की थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. भांडी तशी, शेळ्या तशा, करटोलीचे कंदही तसेच. कुठले वेल फळ धरतात आणि कुठले नुसते फुलतात हे मी मागच्या पावसाळ्यात डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं. कंद खणताना धरणाऱ्या आठांना गुपचूप चुन्याचं बोट लावलं. आक्कांनी दोन वाटे घातले, प्रत्येकात चार चुन्याचे आणि दोन साधे. म्हणजे वांझोटे दोन कंद माझ्या गळ्यात मारायचा बेत! मी रीत मोडली. दोन्ही वाटे विस्कटले आणि सहाच्या सहा चुन्याचे वेचून पदरात घेतले.

आक्कांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटलं. चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो, असं मला वाटलं.

पावसाळ्यात माझे वेल कुंपणभर चढले. रोज दिवेलागणीला पिवळी फुलं उमलायची. प्रत्येक फुलाखाली काटेरी गाठ असायची. दोन-तीन दिवसांत ती पिवळी पडून गळायची. एक फळ धरेना. आणि ओढ्याच्या त्या काठाला आक्कांच्या वाट्याला राहिलेले दोनच चुन्याचे वेल लगडले होते. त्यांनी टोपलीभर करटोली पाठवली, ती मी शेळीपुढे ओतली. कंद बदलले असतील म्हणून एक उकरून पाहिला. चुना जागच्या जागी होता. मग ही करणीच, असं मी ठरवून टाकलं. रात्रंदिवस एकच भीती, की वेलाची फळं गळतात तसं पोटातलंही जाईल.

आषाढाच्या अखेरीला एका सकाळी, दिवस भरायच्या आधीच, कळा सुरू झाल्या. शेजारीण सुईणीकडे धावली, तर सुईण परगावी गेलेली. शेजारणीबरोबर आल्या त्या आक्का, ओढ्याच्या पाण्यातून कमरेपर्यंत भिजून. त्यांनी चूल पेटवली, काढा केला, वाटी माझ्या तोंडाला लावली.

"आदी तुमी घ्या," मी म्हणाले.

त्यांनी दोन घोट घेतले, वाटीची कड पदराने पुसली आणि पुन्हा पुढे केली. तेव्हा कुठे मी प्यायले. दुपारी मुलगी झाली आणि घर डोक्यावर घेऊन रडली.

आक्का रोज आम्हा दोघींना न्हाऊ घालायला यायच्या. आठव्या दिवशी दिवेलागणीला त्या निघाल्या, पण वाटेला न लागता घरामागे वळल्या. मी भिंत धरून मागच्या दारापाशी गेले. आक्का माझ्या वेलावर वाकून काहीतरी करत होत्या.

"काय चाललंय माझ्या वेलास्नी?" मी ओरडले.

त्यांनी मूठ उघडली. आत पिवळी फुलं होती, पण खाली गाठ नसलेली.

"माज्याकडची नराची फुलं हायती," त्या म्हणाल्या. "तू वांझोटी म्हून टाकलीस ती. ही मादीच्या फुलावर घासल्याबिगर फळ धरत न्हाई. दोन्ही येका जागी असली की किडामुंगी करती ते काम. तुज्याकडं समद्या माद्याच हायती, आन् मदी एवढा वढा."

चार दिवस त्या हेच करत होत्या. खालच्या पानाआड सात-आठ गाठी हिरव्यागार फुगलेल्या मला दिसल्या.

"मग वाटणीदिशी का न्हाई सांगितलंत?"

त्यांनी आणखी एक फूल हलक्या हाताने घासलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"सांगितलं असतं, तर तुला खरं वाटलं असतं व्हय गं?"

खोटं का होईना, हो म्हणावं असं फार वाटलं. पण मी भिंत सोडून पुढे झाले, त्यांच्या मुठीतलं एक फूल उचललं आणि पुढच्या मादीच्या फुलावर घासलं.