काकासाहेबांचे काळे मणी

"बघ भिया, पण हात नको लावू. गरम है."

काकासाहेब राखेत पुरलेला मणी चिमट्यानं वर काढत, मला दाखवत आणि घाईघाईनं परत आत ढकलत. दाखवायची हौस दांडगी, धीर मात्र काडीचा नाही.

संस्थानच्या दफ्तरात त्यांनी जन्म काढला. संस्थान गेलं, मध्यप्रदेश झाला आणि ते पेन्शनवर घरी बसले. एकदा महूला गेले असता तिथं कुणा कारागिराला दिव्याच्या ज्योतीवर काच वितळवून तारेभोवती गुंडाळताना पाहिलं, आणि म्हाताऱ्याला नादच लागला. बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या त्यांच्या ओसरीवर दिवा, फुंकणी आणि राखेचं घमेलं आलं. गल्लीतल्या बायका माळा, कानातले कौतुकानं नेत. मी शेजारी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा. त्यामुळे काकासाहेब काचेचं सगळं मला विचारत आणि माझं अजिबात ऐकत नसत.

"काकासाहेब, मणी दिवसभर राखेत निवू द्या. घाई केलीत तर पुढे कधीही तडकेल."

"हौ रे, मालूम आहे."

मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मंगळसूत्राचे काळे मणी आपल्या हातचेच, असा त्यांनी हट्ट धरला. ऐन आदल्या दिवशी पाच मणी कमी पडले. काकू दोरा घेऊन खोळंबलेल्या. काकासाहेबांनी पाच मणी केले नि तासाभरात राखेतून काढले. मी तिथेच होतो. लग्नघरात कशाला बोला, म्हणून गप्प बसलो. चुकलंच माझं.

दोन महिन्यांनी मुलीचं कार्ड आलं. एक मणी वाढला, आणि ह्यांना टायफॉइड झालाय. मंगळसूत्राचा मणी फुटला, असं आपल्यात कुणी लिहीत नाही. काकासाहेबांनी कार्ड माझ्यापुढे धरलं.

"टायफॉइड पाण्यानं होतो. मणी घाईनं तडकला. दोन्हींचा संबंध काय?" मी परोपरीनं सांगितलं.

"बराबर बोलतोस भिया. पण हात माझाच ना."

जावई खडखडीत बरा झाला. दिवाळीला दोघं आले. मुलगी म्हणाली, "बाबा, एक मणी करून द्या ना. तेवढाच कमी आहे."

काकासाहेबांनी चपला घातल्या, बाजारात गेले आणि पुडीत विकतचा मणी घेऊन आले. तिनं तो ओवला. मला त्यांचा राग आला, रडूही आलं, आणि करता काहीच येईना. दिवा त्यांनी पुन्हा पेटवला नाही.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगी माहेरी आली की भेटायला येते. गळ्यातले बापाच्या हातचे मणी सगळे जरा वाकडेतिकडे आहेत. विकतचा तेवढा अगदी गोल आहे.