रॅली आणि दहावीचा वर्ग

मी आज जो काही आहे तो लाखांदूरच्या शाळेत मला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. ‘रॅली’चा अर्थ त्यांनी फळ्यावर लिहून दिला होता: पांगलेल्या माणसांनी पुन्हा एकत्र येणं.

पुढे मी आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरजवळच्या एका शाळेत शिक्षक झालो. तिथे आपणहून जमलेली एकही रॅली मला दिसली नाही. पाणी वाचवा रॅली गेली की रस्त्यावर पाण्याच्या पाऊचचा सडा. उमेदवाराच्या रॅलीत अर्ध्या लोकांना पक्ष कोणता हे गळ्यातल्या दुपट्ट्यावरून कळे. वाचन रॅलीसाठी तर आम्ही वाचनालयाला कुलूप लावलं.

मग रस्ता सुरक्षा रॅली आली, तीही हायवेवर. बोर्डाच्या परीक्षेला थोडेच दिवस होते, इंग्रजीचे दोन पाठ राहिले होते आणि निम्म्या वर्गाला माझ्या तासाशिवाय दुसरी शिकवणी नव्हती.

मुख्याध्यापक म्हणाले, “दहावी पण पाठवा. फोटोत मोठी पोरं दिसली पाहिजेत.”

“सर, पाठ राहिलेत.”

“पाठ कुठं पळून जाऊन राहिले? पाहुणे जातील.”

आमच्या वेळी असाच निरोप आला, तेव्हा लाखांदूरच्या सरांनी आतून कडी लावून तास घेतला होता. मी वर्ग घेऊन निघालो.

पाहुणे उशिरा आले. तोवर आम्ही अर्धा रस्ता अडवून उन्हात उभे. मागे एसटी आणि ट्रक हॉर्न वाजवत होते. सुरक्षेच्या घोषणा त्यात कुणालाच ऐकू आल्या नाहीत. एका मुलीने विचारलं, “सर, पाठ कवा घेता? घरी आमाले सांगणारं कोणी नाही.”

मी म्हणालो, “बॅनर सरळ धर.”

त्याच संध्याकाळी लाखांदूरच्या सरांना पत्र लिहिलं.

“आदरणीय सर,

आज मी दहावीचा वर्ग रस्त्यावर नेला. मला नाही म्हणता आलं नाही. आतून कडी लावताना तुम्हाला नोकरी जाण्याची भीती नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण तुमच्याही घरी लहान मुलं होती. राहिलेले पाठ रविवारी घेतोय. त्या दिवशी सायकल रॅली आहे. दहावी येणार नाही, असं मी मुख्याध्यापकांना लिहून दिलंय.

तुमचा विद्यार्थी”