बाहेर विचारून येते

माझ्या भावजयीचं नाव धाकट्या भावानं 'चालेल' ठेवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचं नवीन लग्न झालेलं असताना त्यानं विचारलं होतं, "वहिनी, माझी सायकल तुमच्या खोलीत ठेवू का? खाली चोरीला जाते." ती म्हणाली, "चालेल." ती सायकल पुढं कित्येक वर्षं त्यांच्या पलंगाला टेकून उभी होती. ही बाई रोज हँडलला वळसा घालून झोपायला जायची. सायकल आपण होऊन गंजली म्हणून गेली, हिनं कधी हाकलली नाही.

मी या घरातली थोरली. माझ्या पाठीवर एक भाऊ, तो हिचा नवरा. आणि त्याच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेला हा धाकटा. माझी सगळी नोकरी कोर्टात टायपिंग करण्यात गेली. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकायचं आणि टाइप करायचं. त्यामुळं भांडण म्हटलं की माझे कान आपोआप टवकारतात आणि भांडायचं तिथं न भांडणारं माणूस दिसलं की मला चीड येते. भीड ही भिकेची बहीण, हे मी हिला इतक्यांदा ऐकवलं असेल की शेवटी मलाच कंटाळा आला. ती ऐकून घ्यायची, हसायची आणि म्हणायची, "खरंय वन्सं." म्हणजे तेही चालेलच.

ती डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला आहे. नंबर लावायचे, जुने कागद शोधून द्यायचे आणि डॉक्टरांनी तपासायच्या आधी पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालायचे. थेंब घातले की डोळे मिटून अर्धा-पाऊण तास बसावं लागतं. एका भिंतीला टेकून सगळे डोळे मिटून बसलेले आणि समोर टीव्ही चालू. पेशंटना त्रास नको म्हणून आवाज बंद. त्या खोलीत टीव्ही बघणारी ही एकटीच. बातम्यांत रोज कुठले तरी दोन पुढारी गाडीतून उतरायचे, हात मिळवायचे, फोटोला उभे राहायचे आणि आत जायचे. दार बंद. मग एकदम दुसरी बातमी.

एकदा चहा पिताना तिनं मला विचारलं, "वन्सं, हे लोक आत गेल्यावर बोलतात काय हो?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? ताकास तूर लागू देत नाहीत, म्हणून तर त्यांना तिथं बसवलंय."

मला वाटलं, विषय संपला. दोन महिन्यांनी समजलं, की बाईसाहेबांनी संध्याकाळच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात बी.ए.ला नाव घातलंय. वय चव्वेचाळीस, पोरगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी, नवरा गोदामात सुपरवायझर. घरात जो काही हशा पिकला! धाकटा म्हणाला, "वहिनी, आता तुम्ही लढाया थांबवणार का?" शेजारच्या शिंपिणीनं विचारलं, याची नोकरी कुठं लागते. हिच्या नवऱ्यानं तेवढं काही विचारलं नाही. तो म्हणाला, भाजी कोण चिरणार? "सकाळी चिरून ठेवीन," ती म्हणाली. आणि खरंच, तेव्हापासून ती पहाटे उठून भाजी चिरायला लागली. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या याच, असं मला वाटायचं.

पण तिला अभ्यास आवडायला लागला होता. समुद्राची हद्द किती, निर्वासित कुणाला म्हणायचं, तह मोडला तर काय करायचं, असलं काहीबाही ती मला पोळी लाटता लाटता सांगायची. कधी नव्हे ते तिच्या तोंडून सलग बोलणं ऐकू यायचं. मी मुद्दाम वाद घालायचे, म्हणजे तिनं पुढं बोलावं.

दुसऱ्या वर्षी त्यांना वाटाघाटींची परीक्षा होती. लेखी नव्हे, प्रत्यक्ष बसून. दोन खोटे देश, मधून एक नदी. वरच्या देशाला धरण बांधायचंय, खालच्या देशाला पाणी हवंय. प्रत्येक देशाचा एकजण आत टेबलाशी बसणार आणि त्याच देशाचा दुसरा बाहेर व्हरांड्यात स्टुलावर. बाहेरचा म्हणजे मायदेश. आतल्यानं काहीही कबूल करायच्या आधी उठायचं, बाहेर जाऊन मायदेशाला विचारायचं आणि मग परत येऊन उत्तर द्यायचं, अशी रीत. खऱ्या वाटाघाटींतही म्हणे असंच असतं. आत बसलेल्याच्या हातात फारसं काही नसतं.

ही खालचा देश. समोर वरच्या देशातर्फे बँकेतला एक पोरगेला कारकून, सर्दीनं बेजार झालेला. त्यानं उन्हाळ्याचं पाणी मागितलं. ही म्हणाली, चालेल. त्यानं नाक पुसत नदीच्या मुखाजवळचं बंदर वापरायला मागितलं. चालेल. मासेमारी मागितली. तीही दिली. वर त्याला आपल्या पर्समधली सर्दीची गोळी दिली. परीक्षा ठरलेल्या वेळेच्या निम्म्यातच आटोपली. तो पोरगा इतका खूश झाला, की त्यानं उठून हिला नमस्कारच केला.

बाहेर स्टुलावर हिचा मायदेश बसला होता, म्हणजे तिच्या वर्गातला एक टॅक्सीवाला. दिवसभर टॅक्सी चालवून संध्याकाळी शिकायला येणारा गृहस्थ. तो शेंगदाणे खात वाट बघून बघून शेवटी भिंतीला डोकं टेकून झोपला होता. हिनं बाहेर येऊन त्याला उठवलं, तेव्हा तो म्हणाला, "झालं पण? बाई, एकदा तरी यायचंत विचारायला!"

ती नापास झाली. शिकवणाऱ्या बाईंनी तिला थांबवून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही सगळं का दिलंत?"

"त्याला बरं नव्हतं हो," ही म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ते पाणी तुमचं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांचा माणूस दाराबाहेर बसला होता. त्याला तुम्ही विचारलंच नाहीत."

हे सगळं तिनं मला त्या दिवशी घरी येऊन सांगितलं. मला हसू आवरेना; त्या गोळीपाशी तर मी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. ती हसली नाही. कपबशा विसळता विसळता म्हणाली, "तो माणूस तिथं बसलाय हे मी विसरूनच गेले, वन्सं." मग मीही हसायचं थांबले.

बाकी सगळे पेपर सुटले, हा एक राहिला. त्याची फेरपरीक्षा यंदा, शेवटच्या वर्षाबरोबर. तोवर शनिवार-रविवार सोडून दर संध्याकाळी सराव आणि सरावाला हजेरी सक्तीची. हजेरी नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर पदवी नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, निदान सांगितलं तरी सगळ्यांना होतं.

अशात धाकट्याच्या बायकोला नोकरी लागली. औषधांच्या मोठ्या दुकानात, पाळी संध्याकाळची. धाकटा छापखान्यात, तोही उशिरा सुटणारा. घरात वर्षाची मुलगी. आता इथं खोटं कशाला बोलू, त्यांची अडचण खरी होती. पोरीला कुणाच्या तरी हवाली करणं त्यांच्या जिवावर आलं होतं आणि धाकटीनं ती नोकरी फार खटपटीनं मिळवली होती. मला गुडघ्यांनी उठबस होत नाही, रांगत्या पोरामागं मी काय धावणार? मग सगळ्यांच्या नजरा कुठं वळल्या ते सांगायला नको. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं, ही आपली जुनी खोड.

रविवारी सकाळी सगळे माझ्याकडं जमले. धाकटा, धाकटी, बाळ, माझा मधला भाऊ आणि ही. चहा झाला. धाकट्यानं पाल्हाळ न लावता सांगितलं, "वहिनी, पुढच्या महिन्यापासून संध्याकाळी बाळाला तुमच्याकडं ठेवायचं म्हणतोय. वर्षभराचाच प्रश्न आहे. तुमचं कॉलेज काय, पुढच्या वर्षीही करता येईल."

धाकटी म्हणाली, "ताई, तुमच्याशिवाय कुणाच्या भरवशावर ठेवू मी हिला?"

मी हिच्याकडं बघत होते. हिचे ओठ हलले. तो शब्द निघणारच होता, मी पैज लावली असती. पण ती एकदम उठली आणि म्हणाली, "मी जरा बाहेर विचारून येते."

"कुणाला?" हिचा नवरा म्हणाला. "मी इथंच बसलोय की!"

ती दार उघडून जिन्याच्या चौकात गेली. धाकटा हसायला लागला. "वहिनींचं डोकं फिरलं अभ्यासानं." मी वाकून बघितलं. बाहेर कुणीही नव्हतं. चपला काढलेल्या होत्या तिथं ती कठड्याला धरून उभी होती, डोळे मिटून, आपल्या पेशंटांसारखी. थोड्या वेळानं आत आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "नाही जमणार म्हणतात."

"अहो, पण कोण म्हणतात?" धाकटा.

"माझ्याकडचे," ती म्हणाली.

आमच्या घरात या बाईनं नाही म्हटल्याचा प्रसंगच आला नव्हता, त्यामुळं त्यावर काय करायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळ रांगत हिच्या पायाशी आलं आणि मांडीवर घे म्हणून गुडघ्याला धरून उभं राहिलं. तेवढ्यात हिच्या नवऱ्यानं उदार होऊन सांगून टाकलं, "असं करा, सगळे दिवस नको. निम्मे दिवस ही बघेल. निम्मे दिवस कॉलेजला जाईल. काय गं, जमेल ना?" निम्मी हजेरी म्हणजे परीक्षा नाहीच, हे त्याच्या गावीही नव्हतं. दुसऱ्याच्या ताटातलं वाढायला याला काय जातंय!

ती पुन्हा उठली. "विचारून येते," म्हणाली. पण या वेळी आवाज अगदी बारीक होता. दार तिच्यामागं लोटलं गेलं.

ती येईना. धाकटा घड्याळ बघायला लागला. बाळ दाराकडं तोंड करून रडायला लागलं. शेवटी मीच गुडघे धरत उठले आणि बाहेर गेले.

ती पायरीवर बसली होती. मला बघून तिनं घाईघाईनं डोळे पुसले. "मगाशी सोपं होतं, वन्सं. बाहेर आले, कुणी नव्हतं, मीच नाही म्हटलं आणि आत आले. आता बाळाचं रडणं ऐकू येतंय. मला वाटतंय, जाऊन हो म्हणून टाकावं."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मला तिची इतकी माया आली, की माझं मलाच नवल वाटलं. मी कठडा धरून कशीबशी तिच्या शेजारी पायरीवर टेकले.

"विचार मला," मी म्हटलं.

"तुम्हाला?"

"इथं कुणीतरी बसायला हवं ना? मी बसलेय. तो तुझा टॅक्सीवाला काय करतो सरावाला?"

तिनं नाक ओढलं. "आत काय मागतायत ते आधी मी सांगायचं. मग तो विचारतो, काय सोडता येईल."

"मग सांग."

"निम्म्या संध्याकाळी मागतायत."

"काय सोडता येईल?"

तिनं विचार केला. खराखुरा, बोटांवर मोजत. "रविवार अख्खा देता येईल. शनिवारी दवाखाना दुपारी सुटतो, तेव्हापासून बाळाला ठेवता येईल. परीक्षा झाली की मग संध्याकाळीसुद्धा. तोवर यांनी भाजी चिरली आणि गोदामातून थेट घरी आले, तर एखादी संध्याकाळ हेही सांभाळतील बाळाला. बाप्यामाणसाला काय धाड भरलीय?"

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडी शोभलं असतं, पण ते तिचंच होतं.

"आणि काय सोडता येणार नाही?" मी विचारलं.

इथं ती अडली. आतून धाकट्याची हाक आली, "वहिनी, झालं का विचारून?" तिनं मान खाली घातली, माझा हात धरला आणि चपलांकडं बघत म्हणाली, "कॉलेज नाही, वन्सं. मला ती परीक्षा द्यायचीय. मला पास व्हायचंय." आणि रडायला लागली, लहान पोरीसारखी, आवाज दाबून.

मी तिला रडू दिलं. मग म्हटलं, "हेच सांग आत."

"तुमचे भाऊच आहेत ना हो आत. दोघंही."

"म्हणून तर मी बाहेर बसलेय," मी म्हटलं. "ऊठ. आणि परत काही कबूल करावंसं वाटलं, तर आधी इथं यायचं. मी हलत नाही इथून. तसंही या गुडघ्यांनी मला आता कुणी उठवल्याशिवाय उठता येणार नाही."

तिनं तोंड पुसलं, केस सारखे केले आणि आत गेली. मी पायरीवर बसून राहिले. आतून धाकट्याचा आवाज आला, चढा. मग माझ्या दुसऱ्या भावाचा, भाजी या शब्दाशी अडखळलेला. मग धाकटीचा. आणि मग तिचा आला. तो काही चढला नाही; पण पुष्कळ वेळ फक्त तोच येत राहिला.