बॉयलरवरच्या मामांची झोप

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. लातूरला सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यात मी टाइमकीपर आहे. कोण कोणत्या पाळीला येणार, ते पत्रक अकरा वर्षं माझ्याच हातचं. नांदेडला कामगारांचा थकवा आणि त्यातले धोके या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. वर्ग फक्त रविवारी, दोन वर्षं. मालकांनी रविवार मोकळा दिला आणि मी नाव घातलं. जाऊन-येऊन सात तास एसटीत. वर्गात बहुतेक जण माझ्या मुलीच्या वयाचे.

पहिल्याच सत्रात कळलं की माझं पत्रक उलटं आहे. मी दर आठवड्याला माणसाला रात्रीवरून दुपारवर आणि दुपारवरून सकाळवर आणत होतो. शरीराला याच्या उलटा क्रम सोसतो. परतताना बसमध्ये मी आठवडे मोजले. पाचशे सत्तरच्या वर भरले.

प्रकल्पासाठी सहा कामगारांच्या झोपेची पंधरा दिवसांची नोंद हवी होती. बॉयलर सांभाळणाऱ्या एका वयस्क कामगाराला सगळा कारखाना मामा म्हणायचा. मी त्यांना म्हटलं, "मामा, नाव कुठंच येणार नाही. खरं तेवढं सांगा."

"नाव न्हाई, मग झोप कुनाची म्हनून मोजनार?" ते हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "रातपाळी करून गेलं की चार तास. वर पत्रे, भिंतीला लागून पिठाची गिरणी. अन् हे बी लिव्हा, दोनदा काचेतलं पानी बगता बगता डोळा लागला. घरी बी सांगितलं न्हाई म्या."

बॉयलरमधलं पाणी त्या काचेत दिसतं. ते उतरलं आणि बघणारा झोपेत असला तर बॉयलर फुटू शकतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्यांनी सांगितलं.

सरांनी वर्गात बजावलं होतं, कारखाना लहान असेल तर नेमकं वय लिहू नका, 'पन्नाशीच्या पुढे' पुरे. मला ते ढिलेपणाचं वाटलं. अंदाजे आकडा म्हणजे खोटा आकडा, असं मी आयुष्यभर मानत आलो. मी लिहिलं: कामगार क्रमांक तीन, वय त्रेपन्न, बॉयलरवर एकोणीस वर्षं, घरालगत पिठाची गिरणी, कामावर दोनदा डोळा लागला. शेवटी सुचवलं की पाळ्यांचा क्रम बदलावा.

रविवारची सुट्टी मालकांनी दिली होती म्हणून एक प्रत त्यांना दिली. नोंदींचा तक्ता वाचताना ते क्रमांक तीनपाशी थांबले.

"हे आपले मामाच की! बॉयलरवर झोपनारा मानूस ठेवू का मी?"

"चूक पत्रकाची आहे मालक. ते मी केलंय."

"ते बगू सीझन झाल्यावर."

दुसऱ्या दिवसापासून मामा बारदान्याच्या गोदामात, फाटकी पोती निवडायला. एकोणीस वर्षांत त्यांनी बॉयलर एकदाही थंड पडू दिला नव्हता. मी भेटायला गेलो.

त्यांनीच विचारलं, "मार्क किती पडले, साहेब?"

"अठ्ठ्याहत्तर."

"चांगले हायेत की." ते पोत्याकडं वळले. ते झटकत म्हणाले, "तुमी इचारलं, म्या सांगितलं. खोटं सांगाय पायजे होतं का?"

मी खाली बसलो आणि त्यांच्याबरोबर फाटकी पोती बाजूला काढू लागलो.

सीझन संपला. पाळ्यांचा क्रम बदलायची परवानगी मिळाली, ती मामांना परत बॉयलरवर न घेताच. नव्या क्रमाचा फरक पाहायला मी पुन्हा सहा जणांना झोप विचारली. सहाही जणांनी एकच आकडा सांगितला. मामांच्या जागी आलेल्या माणसाचे डोळे लाल होते. दोनदा विचारलं तरी तो म्हणाला, "आठ तास, साहेब. लिव्हा की."

मी लिहिलं.