शालन पेट्रोल म्हणाली होती

घराबाहेर पाऊल टाकायच्या आधी परत कधी यायचं ते विचारायची शालनला सवय होती. कुठं जायचं हे तिनं कधी विचारलं नाही. "धारंच्या आत आपण माघारी येतोय न्हवं?" एवढंच. हो म्हटलं की चपला घालायची. मी जरा घुटमळलो की पदर खोचून परत गोठ्यात. शालन माझी बायको. गेल्या श्रावणात गेली. मी शिकलो पाचवीपर्यंत आणि सही करण्यापलीकडं फारसं पेन धरलं नाही. पण ती कशी होती हे सांगायला आता मीच उरलोय, म्हणून लिहितोय.

कसबा बावड्यात आमच्या घरामागं दोन म्हशी असायच्या. दोन्ही वेळची धार काढून ती गल्लीत दूध घालायची. म्हशींना दुसऱ्या कुणाचा हात चालत नव्हता, त्यामुळं लग्नानंतर बेचाळीस वर्षांत ती एक रात्र बाहेर राहिली नाही. गडहिंग्लजला सख्ख्या भावाचं लग्न. अक्षता पडल्या, आणि जेवणाचं ताट तसंच झाकून घेऊन ही एस.टी.त बसली. नृसिंहवाडीला गेलो तरी दत्ताला हात जोडायचे, पेढ्याचा पुडा घ्यायचा, की परत. बोलायला फटकळ. दूध पातळ आहे म्हणून एका बाईनं कुरकुर केली तर म्हणाली, "पाणी घालाय येळ कुणाला हाय बाई? म्हशीनंच जास्ती पिलं असंल." मूलबाळ झालं नाही. त्यावर कुणी हळहळायला आलं की त्याच्या हातात ताकाचा तांब्या द्यायची आणि म्हशीचं काहीतरी सांगत बसायची.

मी ट्रक ड्रायव्हर. शिरोली एमआयडीसीत लोखंडी ओतीव माल भरायचा आणि चेन्नईला नेऊन टाकायचा. आठ-आठ दिवस घर नाही. आलो की तिला समुद्राचं सांगायचो. ती सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "तिकडं म्हशी कशा हायत?" मी म्हणायचो, बारीक, वाळक्या. "मग च्या कशाचा करत्यात?" तरी दर खेपेला मी तिला सांगायचो, ट्रकवरनं उतरलो की स्वतःची गाडी घेणार आणि तुला कन्याकुमारीपर्यंत नेणार. ती हसायची. म्हणायची, "आन् धारंचं?"

तीन वर्षांमागं, मी ट्रक सोडल्यावर, तिचे पाय सुजायला लागले. खाली बसून धार काढणं होईना. म्हशी विकल्या. दावं सोडताना ती रडली नाही. गोठा धुतला, शेणाचा वास जाईपर्यंत घासला आणि मला म्हणाली, "घ्या. तुमची गाडी ठेवाय जागा झाली."

शिरोली नाक्यावर रफिक मिस्त्रीचं गॅरेज. माझा ट्रक त्यानं वीस वर्षं सांभाळला. त्याला सांगितलं, डिझेल गाडी घेतोय. तो हात पुसत म्हणाला, "मामा, पेट्रोल घ्या. तुमचं रनिंग कुठं हाय आता? नव्या डिझेलला लांब पळायला लागतंय. गावातल्या गावात फिरवली तर ती आजारी पडती."

"मी काय जलमभर बैलगाडी हाकली व्हय रं? डिझेलवर पोट भरलंय माझं. घाटात डिझेल ओढतंय, लांबच्या पल्ल्याला परवडतंय. मला कन्याकुमारी गाठायची हाय."

"एकदा गाठणार. मग?"

मी निघून आलो.

शोरूमला शालन इरकल नेसून आली. विकणाऱ्या पोरानं विचारलं, "सर, डेली रनिंग किती?" मी म्हणालो, भरपूर. ती म्हणाली, "चार किलोमीटर. पेट्रोलचीच दाखव बाळ." पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मला राग आला. वाटलं, म्हशी गेल्या पण हिच्या डोक्यातली धार सुटली नाही, हिला यायचंच नाही माझ्याबरोबर. चार माणसांत मी तिला म्हणालो, "गाडीतलं तुला काय कळतंय? गप बस." ती उठली आणि पांढऱ्या गाडीच्या दारावरनं हात फिरवून म्हणाली, "रंग तरी ह्यो घ्या. उन्हात तापत न्हाई." डिझेल गाडी घेतली, पांढरी.

दिवाळीनंतर कन्याकुमारीला निघायचं ठरवलं. पिशव्या भरल्या होत्या. दिवाळीतच तिला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. दवाखान्यात नेलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवार आणि शुक्रवार मशिनवर रक्त गाळून घ्यायचं. घर ते दवाखाना बरोबर चार किलोमीटर. मधे दोन-तीन दिवसांपलीकडं कुठं जायची सोय नाही. भरलेल्या पिशव्या तिनंच रिकाम्या केल्या आणि साड्या परत कपाटात ठेवल्या.

तीन महिन्यांत गाडीचा पिवळा दिवा लागला. गाडी ओढेना. रफिकनं बघितलं. "मी म्हणालो हुतो," असं तो म्हणाला नाही. शांतपणे समजावून सांगितलं. ह्या गाड्यांना धुराची काजळी धरणारा एक फिल्टर असतो. गाडी लांब पळाली की तापून ती काजळी आपली आपण जळून जाते. थोडं थोडं चाललं की साठते आणि फिल्टर चोंदतो. उपाय एकच. हायवेला काढायची, सत्तर-ऐंशीनं एका दमात अर्धा तास पळवायची, मधे थांबायचं नाही. गाडीत बसलेल्या शालनकडं बघून तो म्हणाला, "मामींनाबी न्या. वारं लागंल."

ती काचेतनं म्हणाली, "म्हंजे हिचंबी माझ्यागतच झालं की."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही निघायचो. शिरोलीला हायवे धरायचा, कागल मागं टाकायचं, टोलनाक्याच्या अलीकडं वळायचं आणि परत. सकाळी आवरून ती पायरीवर बसलेली असायची. "चला, गाडीचं डायलेसिस करून आणू." लग्नात आलेली शाल गुंडाळून पुढच्या सीटवर बसायची. येणाऱ्या ट्रकांकडं बोट करून विचारायची, हा कुठला, तो कुठला. मी नंबर बघून सांगायचो, तमिळनाडू, केरळ, राजस्थान. एवढ्या लांबनं येणारी माणसं जेवतात कुठं, झोपतात कुठं, हे तिनं तेव्हा पहिल्यांदा विचारलं. मी ट्रकवर असताना विचारलं नव्हतं. काळजी वाढंल म्हणून, असं तिचं म्हणणं.

असाच एक रविवार. गोकुळ शिरगाव मागं पडलं होतं. ती समोर बघत म्हणाली, "एक सांगायचंय. गाडी थांबवायची न्हाई."

"बोल."

"किडन्यांचं मला म्हाईत हुतं. गाडी घ्यायच्या आधी. एकटीच जाऊन तपासून आलोतो. डाक्टर म्हणालं, काळीजबी दमलंय. लई दिस काढायची न्हाईस."

माझा पाय ॲक्सिलेटरवरनं उठला.

"पाय काढू नगासा. मिस्त्री काय म्हणालाय?"

मी परत ऐंशीवर नेली. समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता. ती बोलतच होती, दुधाचा रतीब सांगावा तसं. "रफिकभाईकडं मी आधीच जाऊन आलोतो. त्यांना इचारलं, एकला म्हातारा माणूस हाय, आठवड्यातनं एकदा मंडईला जायाचा, त्याला कुठली गाडी बरी? त्ये म्हणालं, पेट्रोल. महिनाभर हुभी ऱ्हायली तरी कुरकुर करत न्हाई."

"आणि मला सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर गाडीच घेतली नसतीसा. दवाखान्याच्या दारात बसून ऱ्हायला असतासा." मग म्हणाली, "आन् मी पेट्रोल म्हणतोय तर का म्हणतोय, असं एकदा जरी इचारलं असतंसा, तर सांगून टाकलं असतं. लई आलतं तोंडात."

मी पुढचा ट्रक मागं टाकला. मग म्हणालो, "समुद्र ऱ्हायला की गं."

"समुद्राचं काय घिऊन बसलाय? तुमी ट्रकात आन् मी गोठ्यात, असा जलम गेला. आता बसलोय न्हवं शेजारी. सरळ बघून चालवा."

दूधगंगेचा पूल आला तेव्हा गाडीचा पिवळा दिवा विझलेला होता. मी गाडी वळवली नाही. टोल भरला आणि निपाणीपर्यंत गेलो. तिथं तिनं बशीतनं चहा घेतला, दूध म्हशीचंच आहे म्हणाली, आणि त्या कानडी चहावाल्या बाईशी खुणांनी म्हशीच्या भावाचं बोलत बसली. तिनं सांगितलं तेव्हाच मी उठलो.

त्यानंतर असे पाच रविवार मिळाले. एका शुक्रवारी मशीन चालू असतानाच तिचं काळीज थांबलं. मी बाहेर बाकावर होतो.

गाडी आहे. रफिक म्हणतो, विका मामा, तुम्हाला झेपायची नाही. बघू.

जुना ड्रायव्हर म्हणून लोक अजून मला विचारायला येतात, डिझेल घेऊ का पेट्रोल. परवा मागच्या गल्लीतले एक शिक्षक बायकोला घेऊन आले. मोबाइलवर दोन गाड्यांचे फोटो, ॲव्हरेज, सर्व्हिसिंग, सगळं लिहून आणलेलं. त्यांचं डिझेलचं ठरलं होतं, माझ्याकडनं फक्त हो पाहिजे होतं. बाई कडेला बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, तुम्हाला कुठली पाहिजे?

"पेट्रोल," त्या म्हणाल्या.

मास्तर हसले. "हिला काय, काका."

मी म्हणालो, "मास्तर, ती पेट्रोल का म्हणती ते आधी विचारा. मला सांगायला नको. तुम्हाला सांगू दे."

मास्तरांनी मोबाइल खाली ठेवला. बाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, पदर सारखा केला आणि बोलायला सुरुवात केली. मी चहा ठेवायला आत गेलो.