एका लुगड्यात विकलेला किल्ला

“तुला मेकअप लागणार नाही,” सेक्रेटरी म्हणाला आणि क्लबहाउसमधले सगळे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला आजही चीड येते.

मी मासे विकते. ठाण्यात बाळकुमला, एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या मागच्या गेटबाहेर पाटी घेऊन बसायचे. पुढच्या गेटने मला बंदी. लॉबीत वास राहतो म्हणे. तळून पोटात गेला की मात्र तोच वास यांना चालतो.

कॉम्प्लेक्सचा वर्धापनदिन होता. नाटक बसवलेलं. इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला कसा घेतला त्याचं. लिहिलं सेक्रेटरीने, किल्लेदारही तोच. त्याला एक खरी कोळीण हवी होती, म्हणून मला बोलावलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झालेला. लग्नातलं लुगडं काढून इस्त्री केलं. सासूला म्हटलं, आई, मी नाटकात आहे.

पहिल्याच तालमीत माझं काम कळलं. इंग्रज खंदकापाशी अडलेले असतात. कोळीण येते आणि किल्ल्याची कच्ची बाजू दाखवते. गोरा साहेब तिच्यापुढे एक लुगडं फेकतो. ते तिने जमिनीवरून उचलायचं, छातीशी धरायचं आणि हसायचं.

“तोंड उघडून हस. दात दिसले पाहिजेत,” सेक्रेटरी म्हणाला.

कमिटीतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, “फितुरी यांच्यातच असायची ना.” हळू नाही, मला ऐकू जाईल अशा बोलल्या. मग समोसे वाटले. सगळे आत गोल करून बसले. माझी डिश बाहेर पायरीवर ठेवली. मी ती खाल्ली. भूक होती.

घरी येऊन सासूला काम सांगितलं. ती जेवत होती. तिचा हात ताटातच थांबला.

आमच्या घरात सर्वपित्रीला एक पान जास्तीचं वाढतात. खंदकातल्यांचं पान. टोपीवाल्या इंग्रजांशी लढताना कोळीवाड्यातली जी माणसं किल्ल्याच्या खंदकात पडली, त्यांचं. नावं कुणालाच माहीत नाहीत. तरी भात, सुकट, वडे, सगळं वाढून सासू ते पान खाडीत सोडते. ही रीत तिच्या सासूने तिला दिली, ती मला देणार. नवी नवरी घरात आली की पहिल्या सर्वपित्रीला तिच्याकडून ते पान वाढून घेतात. माझ्याकडूनही घेतलेलं.

“आपली मान्सं मेलीत गो तिथं,” सासू म्हणाली. “तू त्यांनला इकून येतेस नि मना सांगतेस?”

ती ताट तसंच ठेवून उठली. माझ्या अंगाची आग झाली. सासूचा राग नव्हता तो. मी त्या पायरीवर बसून समोसा खाल्ला, त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरीला गाठलं. “साहेब, कोळणीने किल्ला दिला, हे कुठे लिहिलंय?”

“लिहिलेलं कशाला पाहिजे? नाटक आहे. कुणीतरी फितूर दाखवावा लागतो.”

“मग किल्लेदार दाखवा की.”

त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, “जास्त शहाणपणा करू नकोस. बसतेस कुणाच्या गेटला, ते लक्षात ठेव.”

“बरं साहेब,” म्हटलं. त्यानंतर एकही तालीम चुकवली नाही. सांगितलं तसं वाकले, सांगितलं तसे दात दाखवले. सेक्रेटरी खूश. मावशी सुधारली, म्हणाला. सोल्जर झालेल्या कॉलेजच्या पोरांना तो रोज दम द्यायचा, “कोळणीच्या मागे रांगेत चालायचं. ती जाईल तिकडे. इकडेतिकडे बघायचं नाही.” मी ऐकत होते.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मैदान भरलेलं. पुठ्ठ्याचा किल्ला झकास झालेला. बुरुजावर सेक्रेटरी, दाढी लावून, तलवार घेऊन. मरताना बोलायचं लांबलचक भाषण त्याने पाठ केलेलं. गोऱ्या साहेबाने लुगडं फेकलं. ते माझ्या पायाशी पडलं.

मी उचललं नाही.

साहेब झालेला पोरगा कुजबुजला, “मावशी, उचला.” मी त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही. किल्ल्याकडे पाठ केली आणि चालू लागले. स्टेजच्या पायऱ्या उतरले. मागून बुटांचा आवाज आला. पोरं रांगेत येत होती, शिकवलेली तशी. खुर्च्यांच्या मधून, कमिटीच्या पुढून, लॉबीच्या चकचकीत फरशीवरून मी इंग्रजांची अख्खी पलटण पुढच्या गेटपर्यंत नेली. मागे ताशा वाजतच होता. बुरुजावर किल्लेदार तलवार उपसून उभा, आणि त्याला मारायला कुणी नाही. लोक हसायला लागले. या वेळी मला नाही, त्याला हसले. ते हसणं ऐकून माझं काळीज थंड झालं.

“मावशी, किल्ला तिकडे आहे,” एक पोरगा म्हणाला.

“माहितीये. तुम्ही इथेच थांबा. पुढे माझं घर आहे.”

सकाळी वॉचमनने पाटी मांडू दिली नाही. सर्वांसमोर साहेबांची माफी माग, मग बस, असा निरोप होता. मी पाटी उचलली. तेव्हापासून नाक्यावर उन्हात बसते. गिऱ्हाईक निम्मंही येत नाही. त्रास होतो, नाही कशाला म्हणू.

पण सेक्रेटरी मासे खाणारा माणूस आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार, त्याला पाटीवरच्या ताज्या मासळीशिवाय घास उतरत नाही, दुकानातली बर्फातली चालत नाही. कोपरीपासून बाळकुमपर्यंत पाटीवर बसणाऱ्या बाया एकमेकींच्या नात्यातल्या, नाहीतर ओळखीच्या. मी प्रत्येकीला जाऊन सांगितलं. चेहरा सांगितला, बायकोचा सांगितला, घरकाम करणाऱ्या पोरीचाही सांगितला. कुणी वाद घातला नाही. त्या घरात आमच्या हातचा बोंबीलसुद्धा जात नाही.

गेल्या रविवारी तो स्वतः नाक्यावर आला. घरी व्याही यायचे होते. वाकून सुरमई बघितली, बोटाने कल्ला उघडला.

“ही दे. कापून दे.”

मी त्याच्या हाताखालून सुरमई ओढून घेतली. “आधी बोला, साहेब.”

“काय बोलू?”

“कोळणीने किल्ला दिला हे मी खोटं लिहिलं, असं बोला. मोठ्याने. नाका ऐकतोय.”

त्याने आजूबाजूला बघितलं. रिक्षावाले बघत होते, दोन गिऱ्हाइकं थांबलेली. मान खाली घालून निघून गेला. व्याह्यांना काय वाढलं कुणास ठाऊक.

मला त्याची माफी नको. गेटची जागा नको. मला ते वाक्य हवंय, त्याच्या तोंडून, चार माणसांत. तो पुन्हा येईल. दुसऱ्या कुणाला पाठवेल, कुणाच्या तरी हातून वशिला लावेल. मी दया करणार नाही. तो म्हातारा होईल, मीही होईन, आणि माझ्या जागी माझी मुलगी बसेल. तिला आताच त्याचा चेहरा दाखवून ठेवलाय.