गार्गीचे जुने फ्रॉक

नव्या वस्तूवर इतका जीव टाकणारा, आणि पुढे नवी वस्तू जुनी करण्यासाठी इतका खपणारा माणूस अख्ख्या आखातात दुसरा झाला नसेल. अल कुसैसच्या आमच्या इमारतीत ते आमच्या डोक्यावरच राहायचे, म्हणून सगळ्यांचे ‘वरचे काका’. एसीच्या सुट्या भागांच्या कंपनीत नोकरी आणि गुरुवारी संध्याकाळी बाजारातून काहीतरी नवं आणल्याशिवाय घरी यायचं नाही, हा नेम. आणलेल्या वस्तूचं प्लास्टिक काढायची मात्र घरात कुणाला परवानगी नव्हती. सोफा प्लास्टिकमध्ये, रिमोट प्लास्टिकमध्ये, गाडीच्या सीटवरची कव्हरं गाडी तीन वर्षांची झाली तरी जागच्या जागी. काकू पाहुण्यांना सांगायच्या, “बसा, पण टेकू नका, चिकटाल.” आणि काका खोक्यात नाक खुपसून म्हणायचे, “वहिनी, वास घ्या नुसता! या वासासाठी तर माणूस घरदार सोडून इथं येतो.”

त्यांना मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, शेवटी पुण्याच्या एका संस्थेत त्यांनी दत्तक मुलीसाठी अर्ज केला आणि वाट बघायला लागले. वाट बघणं म्हणजे काकांच्या लेखी खरेदी. मुलगी तान्ही मिळेल की चालतीबोलती, काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी झबल्यापासून शाळेच्या वयापर्यंत प्रत्येक मापाचे फ्रॉक आणून ठेवले. कपाट भरलं, मग पलंगाखालच्या बॅगा भरल्या. काकू कधीकधी चिडून म्हणायच्या, “अहो, आधी मूल येऊ दे.” त्यावर काका म्हणायचे, “येणार. इन्शाल्ला म्हण आणि हा निळा बघ.”

अखेर आली ती चार वर्षांची मनू. कोर्टाचं काम होईपर्यंत काकू पुण्याला राहिल्या, मग व्हिसा झाल्यावर काका जाऊन दोघींना घेऊन आले. पोर काटकुळी, डोळे मोठे, बोलणं जवळजवळ नाहीच. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा काकांनी आमच्यासमोर गुलाबी फ्रॉक झोकात खोक्यातून काढला. मनूने तो मुकाट्याने घालून घेतला. मग तिने आपल्या चपला आणल्या, हातात धरल्या आणि दाराशी जाऊन भिंतीला टेकून बसली. आम्हाला वाटलं, फिरायला जायचंय तिला. काका कौतुकाने म्हणाले, “चला, यल्ला! कुठं जायचं आमच्या राणीला?” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “गाडी कधी येणार?”

पुढच्या गुरुवारी पिवळा फ्रॉक आला, तेव्हाही तेच. तिसऱ्या वेळी तर ती फ्रॉक बघूनच रडायला लागली. काकूंनी पुण्याला फोन लावला, तेव्हा तिथल्या ताईंनी सांगितलं की संस्थेतून जे मूल जायचं असेल त्याला त्या दिवशी नवा फ्रॉक घालायचा रिवाज आहे. बाकीची मुलं खिडकीतून बघत राहायची. नवे कपडे घालून गेलेलं मूल कधी परत आलेलं नव्हतं.

काकू हे सांगत होत्या तेव्हा मी तिथेच होते. काका खाली बसले आणि त्यांनी सोफ्याचं प्लास्टिक टराटरा फाडायला सुरुवात केली. मग रिमोटचं, मग जेवणाच्या खुर्च्यांचं. मनूला मांडीवर घेऊन म्हणाले, “हे घर आता जुनं झालं. तुला कुणी कुठं पाठवणार नाही. खलास!”

नवे फ्रॉक मात्र ढीगभर होते, आणि आणल्याशिवाय राहवणार तरी कसं! शेवटी ते एक मोठी पिशवी घेऊन आमच्याकडे आले. आमची गार्गी मनूच्याच वयाची, त्याच अंगाची. “वहिनी, गार्गीला घालू दे महिनाभर. खेळू दे, लोळू दे, आमरस सांडू दे. फाटला तर उत्तमच.” मग गार्गी नुसती मिरवायची, आणि महिन्याने धुवून, विटवून तो फ्रॉक वर जायचा. मध्येच काका येऊन घडी उलगडून तपासत आणि नाराज होत. “वहिनी, अजून कडक आहे हो कॉलर. तुमची मुलगी फारच नीटनेटकी.” मनू मात्र तो आनंदाने घालायची आणि भेटेल त्याला सांगायची, “हा गार्गीचा आहे. जुना आहे.”

अशी पाच वर्षं गेली. मनू बाबा म्हणायला लागली, इथल्या पोरांसारखी इंग्रजीतून उत्तरं द्यायला लागली. आणि काकांची कंपनी बंद पडली. खूप हिंडल्यावर उम्म अल कुवैनच्या एका गोदामात काम मिळालं, पण त्या पगारावर कुटुंबाला व्हिसा मिळत नव्हता. काकू आणि मनूला पुण्याला पाठवायचं ठरलं. इथे अशी कितीतरी कुटुंबं जातात, आम्ही सगळ्यांनी त्यांना तेच सांगितलं. पण आमच्यापैकी कुणी कुणाला कुठं न पाठवण्याचा शब्द दिलेला नव्हता.

निघायच्या दुपारी काकांनी तिच्यासाठी सगळ्यात विटका फ्रॉक काढला. काकू म्हणाल्या, “अहो, विमानातून जाणार पोर, एक बरा घालू द्या की.” काका म्हणाले, “जुनाच.” मनूने तो घातला. मग ती आत गेली आणि काकांचा एक कोरा शर्ट घेऊन आली, टाचण्यांसकट.

“बाबा, यू वेअर धिस.”

“मला कशाला गं?”

“न्यू घातला की जायचं असतं ना. देन यू आल्सो कम.”

काकांनी टाचण्या काढल्या. एक बोटात घुसली, तरी त्यांनी शर्ट घातला. विमानतळावर सोडायला मीही गेले होते. गाडीत मनू त्यांचं बोट धरून निवांत बसली होती. पासपोर्टच्या दारापाशी ते थांबले आणि त्या दोघी पुढे गेल्या, तेव्हा तिने वळून एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या शर्टाकडे. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मला त्या शर्टाचा मनापासून राग आला.

काका पुढे शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. तोच शर्ट, हळूहळू कॉलर विरत गेलेला. हातात पिशवी असायचीच. “गार्गीला सांगा, महिनाभर घाल. कुणी पुण्याला जाणारं असलं की पाठवू.” गार्गी आता झालरींचे फ्रॉक घालत नव्हती. “मम्मा, नो वे, आय ॲम नॉट अ बेबी,” म्हणायची. पण काकांसमोर तिने हे कधी म्हटलं नाही. “थँक्यू काका, सो नाइस,” म्हणून पिशवी आत घेऊन जायची.

ते गेले की मी तो फ्रॉक भिजत घालायची. धुवायचा, पिळायचा, गॅलरीत भर उन्हात टाकायचा, संध्याकाळी काढून पुन्हा भिजवायचा. कॉलर दोन्ही हातांनी चोळायची, कडकपणा जाईपर्यंत. इथलं ऊन फार कडक, पण रंग काही लवकर उतरत नाही.